फुलांच्या रंगांचा शोध घेणारा माणूस : रिखार्ड व्हिल्श्टेटर
(द्वितीय वर्ष, कला)

फुलाचा रंग हा कवींचा प्रांत, असे आपण कला शाखेचे विद्यार्थी धरून चालतो. गुलाब लाल असतो आणि गोकर्ण निळी असते, एवढ्यावर आपले समाधान होते. ती निळी का आणि तो लाल का, हा प्रश्न विज्ञानवाल्यांनी सोडवावा, आपण उपमा द्याव्यात, अशी जणू कामाची वाटणीच झाली आहे. मीही याला अपवाद नव्हते. परंतु या वर्षी रिखार्ड व्हिल्श्टेटर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाविषयी थोडे वाचले, मग मिळेल ते वाचत गेले. फुलांच्या रंगाचे कोडे ज्याने प्रथम मोठ्या प्रमाणावर उलगडले तो हा माणूस. ज्या कारणासाठी त्याने आपली प्राध्यापकाची जागा सोडली, त्या कारणाचा विचार मात्र कला शाखेच्या विद्यार्थ्यालाही टाळता येणार नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी थोडे पाकळीविषयी. रंगीत पाकळी चिमटीत चुरगाळली की बोटांना ओला रंग लागतो. हा रंग बहुधा पाकळीच्या वरच्या थरातील पेशींत असतो. प्रत्येक पेशीत पाणीदार रसाने भरलेली एक मोठी पिशवी असते. तिला रिक्तिका म्हणतात. गुलाबी, लाल, जांभळा, निळा हे रंग बहुतेक वेळा या रसात विरघळलेले असतात. अशा रंगद्रव्यांना १८३५ साली लुडविग मार्क्वार्ट या जर्मन गृहस्थाने अँथोसायनिन हे नाव दिले. ग्रीक भाषेतील 'फूल' आणि 'निळा' या अर्थांच्या दोन शब्दांची ती जोड आहे. झेंडूच्या पिवळ्या-केशरी रंगाची गोष्ट वेगळी. तो रंग पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो, आणि पेशीतील वर्णलवक नावाच्या बारीक कणांत साठलेला असतो. पांढऱ्या फुलात डोळ्यांना दिसेल असे रंगद्रव्य नसते. पेशींच्या मधल्या हवेच्या पोकळ्यांवरून प्रकाश सगळीकडे परततो आणि फूल पांढरे दिसते.

आज हे सारे पाठ्यपुस्तकात चार ओळींत मिळते. पण विसाव्या शतकाच्या आरंभी हे रंग म्हणजे नेमके कोणते पदार्थ, त्यांची घडण कशी, लाल फुलातील द्रव्य आणि निळ्या फुलातील द्रव्य यांचे नाते काय, याचा पत्ता कोणाला नव्हता. कारण साधे होते. पाकळीतून रंग बाहेर काढला की तो थोड्याच वेळात फिका पडे, नासून जाई. शुद्ध स्वरूपात तो हाती लागत नसे.

रिखार्ड व्हिल्श्टेटर यांचा जन्म १३ ऑगस्ट १८७२ रोजी जर्मनीतील कार्ल्सरूए या गावी एका ज्यू कुटुंबात झाला. वडील कापडाचे व्यापारी. रिखार्ड अकरा वर्षांचे असताना वडील नशीब काढण्यासाठी न्यूयॉर्कला गेले. थोड्या दिवसांचा म्हणून ठरलेला हा विरह सतरा वर्षे लांबला. आई दोन मुलांना घेऊन न्यूरेंबर्गला आपल्या माहेरच्या माणसांजवळ आली आणि तिने त्यांना वाढवले. पुढे जगभर गाजलेल्या माणसाच्या पाठीशी बालपणी एकटी आई उभी होती, हे वाचताना मला परके वाटले नाही. पोट भरायला घरचा पुरुष दूर जातो आणि मागे बाई घर चालवते, ही गोष्ट आपल्याकडे गावोगाव घडलेली आहे.

अठराव्या वर्षी ते म्यूनिकच्या विद्यापीठात दाखल झाले. तेथे रसायनशास्त्राचे प्रमुख होते आडोल्फ फोन बायर. प्रयोगशाळेत नीळ तयार करणारे हेच ते बायर. पुढे कारखान्यांतून बनणाऱ्या कृत्रिम निळीने आपल्या देशातील निळीच्या शेतीचे दिवस संपवले, तिची सुरुवात बायर यांच्या कामात आहे. व्हिल्श्टेटर यांना १८९४ साली डॉक्टरेट मिळाली ती कोकेनवरील कामाबद्दल. मार्गदर्शक होते आल्फ्रेड आइनहॉर्न. मार्गदर्शकांनी कोकेनच्या रेणूची जी रचना मानली होती तीच चुकीची असावी, असा या तरुणाला संशय आला. तेव्हा त्यांना कोकेनवर पुढे काम करण्याची मनाई झाली. त्यांनी वाद घातला नाही. कोकेनचे जवळचे नातलग असलेले ट्रोपिन नावाचे द्रव्य त्यांनी घेतले आणि त्याची रचना सिद्ध केली. ट्रोपिनची रचना ठरली तशी कोकेनचीही ठरली. मनाई पाळली गेली आणि सत्यही सांगून झाले!

याच काळात बायर यांनी त्यांना एक व्यावहारिक सल्ला दिला. ज्यू माणसाला जर्मन विद्यापीठात प्राध्यापकपद मिळणे कठीण होते. बाप्तिस्मा घेतला तर वाट सोपी झाली असती. अनेकांनी तसे केलेही होते. व्हिल्श्टेटर यांनी नकार दिला. धर्मांतर करायचे तर ते श्रद्धेसाठी करावे, नोकरीसाठी नव्हे, अशी त्यांची धारणा होती. बायर यांच्याविषयीचा त्यांचा आदर यामुळे तसूभरही कमी झाला नाही.

१९०५ साली ते स्वित्झर्लंडमध्ये झुरिच येथे प्राध्यापक झाले. तेथे त्यांनी पानांच्या हिरव्या रंगाला, म्हणजे हरितद्रव्याला हात घातला. नेटल नावाच्या, अंगाला लागताच आग करणाऱ्या झुडपाची वाळलेली पाने त्यांनी या कामासाठी पोत्यांनी वापरली. दोनशेहून अधिक जातींच्या वनस्पती तपासल्यावर असे दिसले की सगळीकडे हरितद्रव्य एकच आहे. गवत असो की वटवृक्ष, हिरवेपणा एकाच घराण्याचा. या हरितद्रव्याचे दोन प्रकार साधारण तीनास एक या प्रमाणात एकत्र असतात, आणि त्याच्या रेणूत मॅग्नेशियम हा धातू मळासारखा चिकटलेला नसून त्याचाच भाग असतो, हे त्यांनी दाखवले. १९०७ साली त्यांनी गाजरातील कॅरोटिनचे सूत्र निश्चित केले : कार्बनचे ४० अणू आणि हायड्रोजनचे ५६. त्यात ऑक्सिजनचे दोन अणू मिळवले की पानांतला पिवळा झँथोफिल होतो. झेंडूच्या पाकळीत मुख्यतः हेच पिवळे द्रव्य असते.

आमच्या घरी अर्ध्या एकरात दसऱ्यासाठी झेंडू लावतात. त्याचा भाव किती मिळाला, पावसाने किती भिजला, एवढेच आजवर आमच्या घरात बोलले गेले. त्या पाकळीतल्या अणूंची मोजदाद शंभराहून अधिक वर्षांपूर्वी कोणी करून ठेवली आहे, हे मी वडिलांना सांगितले तेव्हा त्यांनी विचारले की त्या माणसाचा स्वतःचा मळा होता का? मळा होता, पण तो पुढे बर्लिनला.

झुरिचची वर्षे सुखाची ठरली नाहीत. १९०३ साली सोफी लेझर यांच्याशी त्यांचा विवाह झाला होता. १९०८ साली त्या वारल्या. मागे एक मुलगा आणि एक मुलगी. त्यांनी दुसरे लग्न केले नाही.

१९१२ साली बर्लिनजवळ डालेम येथील नव्या संशोधन संस्थेत ते गेले. संस्थेच्या आवारात व भोवताली फुलांची शेते लावण्यात आली आणि पानांच्या रंगाकडून ते फुलांच्या रंगाकडे वळले. पहिले फूल निवडले ते कॉर्नफ्लॉवर. युरोपात गव्हाच्या शेतात तणासारखे उगवणारे हे गडद निळे रानफूल. वाळवलेल्या पाकळ्यांतून रंग काढायचा आणि तो नासू नये म्हणून त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल मिसळायचे, ही त्यांची युक्ती होती. आम्लाशी संयोग झाला की ते चंचल द्रव्य स्थिर होई आणि त्याचे स्फटिक मिळत. मात्र निळ्या फुलातून मिळालेले हे स्फटिक लाल असत!

१९१३ साली कॉर्नफ्लॉवरचे रंगद्रव्य त्यांनी असे शुद्ध केले. नंतर लाल गुलाबाच्या पाकळ्या घेतल्या आणि तीच कृती केली. जे द्रव्य हाती आले ते कॉर्नफ्लॉवरमधल्यासारखेच होते. सारखेच म्हणजे जवळपास सारखे नव्हे, तेच. निळे रानफूल आणि लाल गुलाब यांच्या पेशींत रंगाचा रेणू एकच. रेणूच्या मध्यभागी रंग देणारा गाभा आणि त्याला जोडलेली साखर, अशी त्याची घडण. या द्रव्याला सायनिन असे नाव मिळाले.

पुढे जिरेनियम, डेल्फिनियम, पिओनी अशी फुले एकामागून एक तपासली गेली आणि मोठीच गंमत उघड झाली. शेकडो रंगछटांच्या मागे गाभे मोजकेच होते. त्यांतले मुख्य तीन : जिरेनियममधला, कॉर्नफ्लॉवर व गुलाबातला, आणि डेल्फिनियममधला. रेणूच्या एका कड्यावर ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांची जोडी पहिल्यात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन वेळा येते. जोड्या वाढतात तसा रंग केशरी-तांबड्याकडून निळ्याकडे झुकतो.

पण मग एकच रेणू गुलाबात लाल आणि कॉर्नफ्लॉवरमध्ये निळा का? येथे व्हिल्श्टेटर यांनी पेशीरसाकडे बोट दाखवले. हे द्रव्य आम्लात लाल, अल्कलीत निळे होते. याची थोडी प्रचिती आपल्यालाही घेता येते. गोकर्णीची निळी फुले गरम पाण्यात टाकावीत आणि त्या निळ्या पाण्यात लिंबू पिळावे. पाणी जांभळे, मग गुलाबीसर होते. जास्वंदीचा रस चुन्याच्या निवळीत हिरवट होतो, हे शाळेत आपण पाहिले आहे. पेशीतील रस आम्लधर्मी असेल तर फूल लाल, अल्कधर्मी असेल तर निळे, असे त्यांचे स्पष्टीकरण होते. या स्पष्टीकरणाचे पुढे काय झाले ते शेवटी सांगते.

१९१४ साली महायुद्ध पेटले आणि फुलांचे काम थांबले. शेजारच्याच संस्थेत त्यांचे मित्र फ्रित्स हाबर विषारी वायूंच्या कामाला लागले होते. व्हिल्श्टेटर यांनी सैन्यासाठी काम केले ते वायूपासून बचाव करणाऱ्या मुखवट्याच्या गाळणीवर. १९१५ सालीच त्यांचा मुलगा लुडविग बालवयात गेला. आणि त्याच वर्षी वनस्पतींच्या रंगद्रव्यांवरील, विशेषतः हरितद्रव्यावरील संशोधनाबद्दल त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले. एका वर्षात माणसाच्या पदरात काय काय पडावे! युद्धामुळे समारंभ झाला नाही. पारितोषिक स्वीकारायला त्यांना स्टॉकहोमला जाता आले ते १९२० साली.

१९१६ साली म्यूनिकला, आपल्या गुरूंच्या, बायर यांच्या जागेवर त्यांची नेमणूक झाली. विद्यार्थी म्हणून जेथे पाऊल ठेवले तेथेच प्रमुख म्हणून येणे, याहून मोठा मान कोणता? तेथे त्यांनी एन्झाइमांवर काम सुरू केले. या कामात त्यांचा एक निष्कर्ष चुकला. एन्झाइम हे प्रथिन नव्हे असे त्यांचे मत होते, परंतु १९२६ साली अमेरिकेत जेम्स सम्नर यांनी एका एन्झाइमाचे स्फटिक मिळवले आणि ते प्रथिनच निघाले. थोरांचे चरित्र लिहिताना अशा गोष्टी गाळण्याची आपल्याकडे रीत आहे. ती मला पटत नाही.

आता त्यांच्या आयुष्यातील मुख्य प्रसंग. महायुद्ध हरल्यानंतर म्यूनिकमध्ये ज्यूद्वेष झपाट्याने वाढत होता. नोव्हेंबर १९२३ मध्ये हिटलरने सत्ता बळकावण्याचा पहिला फसलेला प्रयत्न केला तो याच शहरात. विद्यापीठही त्यापासून दूर नव्हते. १९२४ साली खनिजशास्त्राच्या प्राध्यापकाची जागा भरायची होती. व्हिक्टर गोल्डश्मिट यांचे नाव पुढे आले. आधुनिक भूरसायनशास्त्राचे जनक म्हणून आज ज्यांचा गौरव होतो, ते हे गोल्डश्मिट. त्यांच्या योग्यतेबद्दल प्रश्नच नव्हता. पण ते ज्यू होते आणि एवढ्यावरून ती नेमणूक टाळण्यात आली. व्हिल्श्टेटर यांनी राजीनामा दिला. त्यांचे वय तेव्हा ५१ वर्षांचे होते. विद्यार्थ्यांनी व सहकाऱ्यांनी मनधरणी केली. बाहेरून मानाच्या जागा देऊ केल्या गेल्या. त्यांनी राजीनामा मागे घेतला नाही आणि दुसरी जागाही स्वीकारली नाही.

मी येथे बराच वेळ थांबले. आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. पगाराची जागा म्हणजे काय, हे आमच्यासारख्या घरांना सांगावे लागत नाही. तिच्यासाठी कर्ज काढले जाते, नवस बोलले जातात. अशी जागा, तीही गुरूची, एखाद्याने दुसऱ्या माणसावरील अन्यायासाठी सोडून द्यावी, हे प्रथम मला श्रीमंताचे धाडस वाटले. दुसरी शंका याहून अवघड होती. चांगली माणसे अशी उठून गेली की खुर्च्या कोणाच्या हाती राहतात? आत राहून झगडणे अधिक उपयोगाचे नव्हते काय? यावर वर्गमैत्रिणींशी माझा वाद झाला आणि तो मिटलेला नाही.

मात्र एक गोष्ट मला स्पष्ट दिसते. अन्याय व्हिल्श्टेटर यांच्यावर झालेला नव्हता. त्यांची खुर्ची सुरक्षित होती. गप्प बसले असते तर कोणी नाव ठेवले नसते. पण ज्या सभेत माणसाची पारख त्याच्या कामावरून न होता जन्मावरून होते, त्या सभेत बसून राहणे म्हणजे त्या निर्णयावर आपलीही सही करणे, असे त्यांना वाटले असले पाहिजे. जन्मावरून माणसाला दाराबाहेर उभे करण्याची रीत आपल्या समाजाला काही अपरिचित नाही. ज्यांना बाहेर उभे केले जाते त्यांनी निषेध करणे समजण्यासारखे आहे. आत बसलेला माणूस उठून उभा राहिल्याची उदाहरणे मात्र फार थोडी सापडतात.

यानंतर ते म्यूनिकमध्येच राहिले, पण विद्यापीठातील त्या प्रयोगशाळेत त्यांनी पुन्हा पाऊल टाकले नाही. संशोधन मात्र सुटले नाही. मार्गारेटे रोडेवाल्ड या त्यांच्या सहकारी त्याच प्रयोगशाळेत प्रयोग करीत आणि व्हिल्श्टेटर घरून टेलिफोनवर त्यांना दिशा देत. अनेक वर्षे हे काम असे चालले. ज्या बोटांनी पाकळ्यांतून स्फटिक काढले त्यांना आता परीक्षानळीचा स्पर्श नव्हता. राजीनाम्याची खरी किंमत मला येथे दिसते. ती पगारात मोजता येत नाही.

१९३३ साली हिटलर सत्तेवर आला. मित्रांनी देश सोडण्याचा आग्रह धरला, पण ते राहिले. नोव्हेंबर १९३८ मध्ये जर्मनीभर ज्यूंची घरेदारे व प्रार्थनामंदिरे फोडली गेली, तेव्हा मात्र राहणे अशक्य झाले. होडीतून कॉन्स्टन्स सरोवर ओलांडून स्वित्झर्लंडला जाण्याचा त्यांनी प्रयत्न केला आणि ते पकडले गेले. अखेर १९३९ साली त्यांचे जुने विद्यार्थी आर्थर श्टोल यांच्या खटपटीने त्यांना देश सोडता आला. घर आणि बहुतेक सगळा संग्रह मागे राहिला. हरितद्रव्याच्या कामात हेच श्टोल त्यांचे उजवे हात होते. गुरूचे ऋण असे फेडणारे विद्यार्थी विरळा. लोकार्नोजवळच्या मुराल्टो गावी त्यांनी आत्मचरित्र लिहिले आणि तेथेच ३ ऑगस्ट १९४२ रोजी हृदयविकाराने त्यांचा अंत झाला. सत्तर वर्षे पूर्ण व्हायला दहा दिवस उरले होते. श्टोल यांनी संपादित केलेले ते आत्मचरित्र १९४९ साली प्रसिद्ध झाले.

त्यांनी सुरू केलेले काम पुढे गेले. इंग्लंडमध्ये रॉबर्ट रॉबिन्सन यांनी फुलांची ही रंगद्रव्ये प्रयोगशाळेत तयार केली. रॉबिन्सन यांच्या हाताखाली मँचेस्टरला शिकलेले के. वेंकटरामन मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान विभागाचे आणि नंतर १९५७ पासून पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक झाले; त्या प्रयोगशाळेचे ते पहिले भारतीय संचालक. अँथोसायनिनांचे भाऊबंद असलेली फ्लेव्होन नावाची द्रव्ये बनवण्याची जी रीत जगभर वापरतात, तिला बेकर यांच्याबरोबर वेंकटरामन यांचे नाव आहे. डालेमच्या फुलशेतातून निघालेली वाट अशी पुण्यापर्यंत येते.

आणि त्या कॉर्नफ्लॉवरचे काय? त्याच्या पाकळीतील रस नंतर मोजला गेला, तेव्हा तो अल्कधर्मी नव्हे, किंचित आम्लधर्मीच निघाला. म्हणजे रेणू एकच आहे हे व्हिल्श्टेटर यांचे म्हणणे खरे, पण निळेपणाचे त्यांनी दिलेले कारण अपुरे. पूर्ण उत्तर २००५ साली जपानी शास्त्रज्ञांनी दिले. कॉर्नफ्लॉवरच्या पेशीत अँथोसायनिनचे सहा रेणू, फ्लेव्होनचे सहा रेणू, लोहाचा एक, मॅग्नेशियमचा एक आणि कॅल्शियमचे दोन अणू एकत्र येऊन एक मोठी जुळणी करतात आणि त्या जुळणीत तो रेणू निळा दिसतो. गुलाबाच्या पेशीत ही जुळणी होत नाही, म्हणून तोच रेणू तेथे लाल राहतो. कोणाच्या सोबतीला कोण आहे आणि भोवतीचा रस कसा आहे, यावर पाकळीचा रंग ठरतो. गुलाब आणि कॉर्नफ्लॉवर यांत मुळात फरक किती, हे डोळ्यांनी पाहून कळत नाही; त्यासाठी पाकळी उकलून पाहावी लागते. व्हिल्श्टेटर यांनी ती उकलून पाहिली. माणसांच्या बाबतीत तेवढे कष्ट घ्यायला त्यांच्या विद्यापीठातील सभा तयार नव्हती.